हवेचा फेडर

तिने पहिला फेडर एका बोटाने वर सरकवला आणि लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावरचा आकडाही सरकला. मग दुसरा, मग तिसरा. सकाळचं रिकामं नाट्यगृह, ओळीने मिटलेल्या खुर्च्या, आणि मागच्या कोपऱ्यातल्या लांबलचक टेबलाशी ही बाई एकेक फेडर वर-खाली करत बसलेली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिला घरी काही काम नाही का. घरचंच काम होतं हे, आणि चांगलं अंगावर आलेलं होतं.

नाट्यगृहाचा मिक्सर म्हातारा झाला होता. कलाकारांच्या माइकमधले सगळे आवाज या एका यंत्रात शिरतात, इथे एकेका फेडरने, म्हणजे सरकत्या बटणाने, ते कमी-जास्त होतात आणि मग स्पीकरला जातात. एके काळी त्याचा मोठा रुबाब होता. आता त्याचा स्वतःचा पडदा विझला होता, बनवणारी कंपनी बंद पडली होती, आणि त्याच्याशी बोलू शकणाऱ्या एकुलत्या एका जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला होता. आतला आवाज मात्र अजून खणखणीत. नवा घ्या म्हटलं की विश्वस्त कानांवर हात ठेवत. मिक्सरवर बसणारा माणूस म्हणजे तिचा नवरा, आणि तिचा स्वतःचा धंदा लिफ्टचे प्रोग्राम लिहायचा. लिफ्टला बोलतं करतेस तर मिक्सरला का नाही, असं नवरा एकदा जेवताना सहज बोलून गेला, आणि ही सहज अडकली. मैत्रिणींना वाटत होतं, ती स्वयंपाकघरातला मिक्सर दुरुस्त करतेय. तो बिचारा केव्हाचा बंद पडून ओट्याखाली गेला होता, त्याला विचारायला कुणाला सवड नव्हती.

तिचा प्रोग्राम त्या यंत्राची जुनी भाषा ऐकायचा आणि नव्या मोठ्या पडद्यावर मांडायचा. जुन्या पडद्यावर एका वेळी एकच माइक दिसे, तोही चार-पाच बटणं दाबल्यावर. इथे सगळे फेडर शेजारी शेजारी, आणि प्रत्येकातून एक हिरवी रेघ निघून तो आवाज जिथे जातो तिथे पोचायची. शेंबड्या पोरालाही कळावं असं.

शेवटच्या फेडरखाली पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हवा’. अक्षर दादांचं. दादा म्हणजे तिचे सासरे. नाट्यगृहात सगळेच त्यांना दादा म्हणत, स्वतःचा मुलगासुद्धा. तिने तो फेडर वर नेला. आकडा सरकला, छोटा दिवा लुकलुकला, पण रेघ काही उमटेना. आत जाऊन नोंद पाहिली तर ‘कुठे जातो’ याच्यापुढे नुसतं शून्य.

"अरे, हा कुठे जातो?" तिने हाक मारली.

नवरा रंगमंचावर केबल गुंडाळत होता. "कुठला?"

"हवा. वर टांगलेला माइक. आवाज आत येतोय, पण बाहेर कुठे जातच नाही. रेघ तुटलीये."

त्याने केबल तशीच टाकली आणि पोट सांभाळत भरभर आला. आल्यावर पडद्याकडे न बघता आधी दाराकडे पाहिलं.

"तुटली नाहीये," तो म्हणाला. "मी काढलीये."

मग त्याने सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता, टेबलाच्या कडेची जुनी चिकटपट्टी नखाने सोलत. दादा या मिक्सरवर आणि त्याच्या आधीच्या मिक्सरवर उभी हयात बसले. मग कान गेले. एकदम नाही, आधी बारीक आवाज गेले, पातळ, वरच्या पट्टीतले. कानाचं यंत्र आणलं, ते डबीत राहिलं आणि डबी कपाटात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एका प्रयोगाला माइकने शिट्टी धरली, अख्खं प्रेक्षागृह कानात बोटं घालून बसलं, आणि दादा मिक्सरवर शांत, चेहऱ्यावर समाधान. त्यानंतर विश्वस्तांनी मुलाला खुर्चीवर बसवलं. दादा घरी बसले आणि घरी बसून वाळायला लागले. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. शेवटी मुलानेच एक दिवस म्हटलं, दादा, तो टांगलेला माइक तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. रंगमंचावरची हवा किती घ्यायची, ते तुमच्याच हाताला कळतं. हे म्हणायच्या आधी त्याने आत शिरून तो माइक स्पीकरपासून तोडून ठेवला होता.

तेव्हापासून दादा प्रत्येक प्रयोगाला जात. इस्त्रीचा शर्ट घालून मुलाशेजारच्या स्टुलावर बसत आणि हवा वर-खाली करत. घरी येताना रस्त्यात विचारत, "आज हवा जरा जास्त झाली का रे बाळ्या?" आणि बाळ्या म्हणे, "नाही दादा, बरोबर होती." हे बोलणं तिने कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं. आता कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"खेळणं दिलंस तू त्यांना," ती म्हणाली. "रडणाऱ्या पोराला देतात तसं."

"जेवायला लागले ना ते?"

तिने हवेचा फेडर परत खाली आणला.

"झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे," तो म्हणाला. "एकच कर. तुझ्या पडद्यावर सगळं दिसतं. दादांचे कान गेलेत, डोळे नाही. त्यांची रेघ तुटलेली दिसली की संपलं. तेवढी रेघ काढ."

"जी नाहीये ती?"

"रेघच आहे गं. त्यात कुणाचं काय जातंय?"

ऑफिसात लिफ्टच्या एखाद्या बटणावर मजल्याचा आकडा चुकला तरी ही बाई सगळ्यांचं काम थांबवायची. खडूस म्हणून ख्याती होती तिची. तिने चार ओळी लिहिल्या: हा फेडर असेल तर आत काय आहे ते बघू नकोस, रेघ थेट मोठ्या स्पीकरपर्यंत काढ. आपल्याच घरात चोरी करावी तसं तिला वाटत होतं. रेघ उमटली, इतर रेघांसारखीच हिरवी आणि ठळक. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

दादांना नवा पडदा समजावायचं काम तिच्याकडेच आलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एकेका रेघेवरून बोट फिरवत ते शेवटच्या रेघेशी आले.

"हा मी," ते म्हणाले.

"हो."

"स्पीकरपर्यंत सरळ?"

"सरळ."

"छान केलंस. बाळ्या खुर्चीवर बसल्यापासून मी मिक्सरच्या आत बोट घातलं नाही. जो खुर्चीवर, मिक्सर त्याचा. हा नियम माझाच. पण कधी कधी वाटायचं, आपण कुठे आहोत ते एकदा बघावं." ते परत रेघेकडे वळले. "एक मात्र चुकलं, सूनबाई. माझं अक्षर नाही घेतलंस वर."

"ते वाचलं कुणी असतं, दादा?"

दादा खळखळून हसले. ती चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. रडू येत नव्हतं, स्वतःचा राग येत होता.

नव्या प्रोग्रामवरच्या पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. नवरा मधे खुर्चीवर, डावीकडे स्टुलावर दादा, उजवीकडे लॅपटॉप घेऊन ती. पहिला अंक सुतासारखा सरळ गेला. दुसऱ्या अंकात एक आई आजारी मुलाच्या उशाशी बसून कुजबुजते, जवळजवळ स्वतःशीच. दादांचा जीव या प्रसंगावर. त्यांनी डोळे मिटले आणि हवा वर न्यायला सुरुवात केली. तिने पडद्यावर आकडा चढताना पाहिला, आणि त्याच वेळी तिला ऐकू आलं.

आधी पांघरुणाची सळसळ. मग नटीने शब्दाआधी घेतलेला श्वास. मग खाटेची एक बारीकशी करकर. रंगमंचावरची ती खोली उठून प्रेक्षकांच्या मधे येऊन बसली होती. तिच्या अंगावर काटा आला. हे असं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि हे ऐकू येता कामा नये, हेही क्षणभर तिच्या लक्षात आलं नाही. नवऱ्याची पाठ ताठ झाली तेव्हा आलं.

मग शिट्टी निघाली, बारीक, आणि चढत गेली. लोकांनी कान दाबले. नटी थांबली. दादा डोळे मिटून तसेच बसले होते आणि त्यांचं बोट अजून केसभर वर सरकत होतं. नवऱ्याचा हात झपकन त्यांच्या हातावर पडला आणि दोन्ही हात एकदमच खाली आले.

शिट्टी थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. नटी सावरली, पुढचं वाक्य बोलली, प्रयोग चालू राहिला. दादांनी आपला हात सोडवून मांडीवर ठेवला, त्याच्यावर दुसरा ठेवला, आणि शेवटपर्यंत ते रंगमंचाकडे नाही, त्या फेडरकडे बघत राहिले. घरी येताना रस्त्यात त्यांनी काहीही विचारलं नाही.

"तुला पटलं नव्हतं, मला माहीत होतं," खोलीचं दार लावून नवरा म्हणाला. "पण म्हणून असं करायचं?"

"मी मुद्दाम नाही केलं."

"मग काय, आपोआप झालं?"

तसंच झालं होतं, पण हे तिला सकाळी कळलं. लिफ्टचा पहिला नियम असा, की कुठल्या मजल्यावर जायचं ते समजलं नाही तर लिफ्टने मधेच लटकत राहायचं नाही. तळमजल्यावर यायचं आणि दार उघडायचं. हा नियम तिच्या हाडीमांसी भिनलेला. मिक्सर सुरू होताना सगळ्या जुन्या नोंदी वाचून परत भरायचा भाग तिने अगदी आधी, दादांच्या फेडरची भानगड कळण्यापूर्वीच लिहून ठेवला होता, आणि प्रयोगाआधीच्या तालमीला पहिल्यांदा चालू केला होता. ज्या आवाजाला जायला जागा नाही त्याला तिने सवयीने तळमजल्यावर आणलं होतं, म्हणजे मोठ्या स्पीकरवर. तालमीला दादा नव्हते, आणि त्यांच्या फेडरला दुसरं कुणी हात लावत नसे. आणि पडद्यावर? पडद्यावर रेघ आधीपासूनच होती. खोटी रेघ कधी खरी झाली ते तिला दिसलं नाही, कारण खोटी तिनेच काढली होती.

तिने कपाळावर हात मारला. मग चूक दुरुस्त केली. एका ओळीचं काम होतं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. माफी काही मागितली नाही, पण आवाज उतरला. "म्हणजे चूक प्रोग्रामची. मग तेच सांग त्यांना. खरंच आहे की."

"अर्धं."

"अर्धं पुरे होतं माणसाला."

पण सांगायचं कधी? दादा तो विषयच निघू देईनात. पुढच्या प्रयोगाला गेले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. त्याच्या पुढच्यालाही नाही. ताटात अर्धं अन्न तसंच राहू लागलं, आणि ते बघून नवऱ्याचाही घास अडकू लागला. बापलेक समोरासमोर बसून भाताशी खेळायचे. ही मधे, इकडे आड आणि तिकडे विहीर. पुन्हा ते पहिले दिवस येणार, दादा पुन्हा वाळत जाणार, आणि या खेपेला ते आपल्या हातून झालेलं असणार, हा विचार तिला ऑफिसातही सोडत नव्हता.

शेवटी एका सकाळी नवरा बाहेर गेल्यावर ती चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. दादा खिडकीशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते.

"दादा, त्या दिवशी माझ्या प्रोग्राममधे चूक झाली होती," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "म्हणून शिट्टी आली. तुमचं काही चुकलं नाही."

"हं." एक नख कापून झालं. "फेडर कुठवर होता गं? तुझ्या पडद्यावर दिसला असेल."

"अर्ध्याच्या जरा वर."

"तिथेच नेतो मी. त्या प्रसंगाला दर वेळी तिथेच." त्यांनी नेलकटर खाली ठेवलं. "टांगलेला माइक आपल्या थिएटरात अर्ध्यावर नेला की शिट्टी येते. आलीच पाहिजे. बाळ्याला मीच शिकवलंय ते. आणि इतक्या प्रयोगांत एकदाही आली नाही. मला वाटायचं, हात बसलाय आपला."

ती कप धरून उभीच राहिली. चूक प्रोग्रामचीच होती, हे नवऱ्याने पढवलेलं वाक्य पुन्हा तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"शिट्टी मला ऐकू आली नाही," दादा म्हणाले. "पण त्याचा हात कळला. लाज वाटली गं. लोक हसले त्याची नाही. रस्त्याने त्याला विचारत यायचो ना, हवा जास्त झाली का म्हणून, त्याची."

"दादा, त्याने तुमच्यासाठीच..."

"ठाऊक आहे. बस तू, चहा सांडशील."

ती बसली. दादांनी वर्तमानपत्राच्या चारी कडा उचलून नखं मधोमध गोळा केली. फार वेळ लावून केली.

"चूक दुरुस्त केलीस?"

"केली."

"म्हणजे आता पुन्हा कुठेच जात नाही तो."

नाही जात, अशी तिने मान हलवली. इतक्या दिवसांत सासऱ्यांशी ती पहिल्यांदा खरं बोलत होती, आणि तेही तोंड न उघडता.

"बाळ्या जेवत नाहीये नीट," दादा म्हणाले.

"नाही."

"माझ्यावर गेलाय. तोंडाने काही सांगायचा नाही." त्यांनी कागदाची पुडी बांधली आणि ती हातातच धरून ठेवली. "बापाच्या शेजारी बसून बापाला फसवायचं, दर प्रयोगाला. सोपं नसणार ते. त्याला आता कळलं की मला कळलंय, तर तो मला स्टुलावर बोलावणार नाही. आणि बोलावलं तरी माझ्याकडे बघणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला सांग, दादांशी बोलले, प्रोग्रामची चूक होती, दादांना पटलं."

"पण तुम्हाला तर..."

"पटलं म्हण. उद्या येतो मी. गुडघ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

तिने तसंच सांगितलं. नवऱ्याने ऐकलं, दीर्घ श्वास सोडला आणि त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले. खाता खाता म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस." तिने त्याला भात वाढला. बापाचं गुपित मुलापासून आणि मुलाचं बापापासून, दोन्ही आता हिच्या पदरात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी दादा आले. नाट्यगृहातल्या माणसांनी गुडघ्यांची चौकशी केली, दादांनी गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या, सगळे हसले. दिवे मंदावले. पहिला अंक झाला, दुसरा सुरू झाला आणि आई मुलाच्या उशाशी येऊन बसली.

दादांचं बोट फेडरवर होतं, पण तिच्या पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. नटी कुजबुजू लागली तरी हलला नाही. तिने मान पुढे काढून पाहिलं. दादा रंगमंचाकडे बघतच नव्हते. ते मुलाच्या मानेकडे बघत होते. ती मान डावीकडे वळू लागली तसा आकडा सावकाश चढला, अर्ध्याच्या जरा वर जाऊन थांबला, आणि दादांनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने वडिलांचा तो चेहरा पाहिला आणि तो समाधानाने पुढे वळला. आकडा खाली आला.

थोड्या वेळाने तो पुन्हा वळला, आणि आकडा पुन्हा चढला.

मग नवरा तिच्या कानाशी वाकला. "बघितलंस? काही कळलं नाही त्यांना."

"हं," ती म्हणाली, आणि लॅपटॉपचा पडदा जरासा आपल्याकडे वळवून घेतला.